भावजींच्या बारा छत्र्या

दिल्लीत छत्री बाळगणारा माणूस सहसा सापडत नाही. पाऊस आला तर लोक मेट्रोच्या जिन्याखाली उभे राहतात आणि नाही आला तर सरकारला नावं ठेवतात. अशा या मुलखात, नोएडाच्या एका फ्लॅटमध्ये, दाराच्या मागे, एकाच माणसाच्या मालकीच्या बारा छत्र्या टांगलेल्या आहेत. सगळ्या काळ्या, सगळ्या लांब दांड्याच्या, आणि त्यातली एकही आजवर भिजलेली नाही. हा माणूस माझ्या कुमुदिनीताईचा नवरा, विनायक हर्डीकर. मी त्यांना भावजी म्हणतो.

येणारा-जाणारा त्या छत्र्या बघून हसतो. ताई म्हणते, "रिटायर झालेल्या माणसाला काहीतरी छंद हवा ना!" मी तिच्या घरी महिन्यातून दोनदा जेवतो, त्यामुळे मीही तेच म्हणतो. पण खरी गोष्ट मला ठाऊक आहे, आणि ती सांगायला मला कोणाची आडकाठी नाही. गुप्ततेची शपथ भावजींनी घेतली होती, मी नव्हे. मी नोएडातल्या एका आयटी कंपनीत आहे, आणि आमच्याकडे गुप्त काही राहतच नाही.

भावजी एका सरकारी कार्यालयात होते. नाव सांगत नाही. दुसऱ्या देशांशी व्यापाराचे करार होतात, तिथलं ते कार्यालय. करार म्हणजे टीव्हीवर दिसतो तो, दोन मंत्री, दोन पेनं, मागे दोन झेंडे, एवढाच आपल्याला माहीत असतो. खरा करार म्हणजे एक तक्ता असतो. त्यात आपल्या देशात येऊ शकणाऱ्या सगळ्या वस्तू, सुईपासून आगबोटीपर्यंत, ओळीने मांडलेल्या असतात. बारा हजारांच्या आसपास ओळी. तुमचा माल आमच्याकडे आला तर त्यावरची ड्यूटी, म्हणजे आयातीवरचा कर, आम्ही कमी करू, आमचा तुमच्याकडे आला तर तुम्ही करा, असा सौदा, आणि तो एकेका ओळीवर. कुठली वस्तू पहिल्या दिवसापासून बिनड्यूटी, कुठली पाच वर्षांत हळूहळू, कुठली दहा वर्षांत. आणि ज्या वस्तूंना हात लावायचाच नाही, त्यांची शेवटी वेगळी यादी. वगळलेल्यांची यादी.

हा तक्ता भावजी सांभाळत. काय कमी करायचं हे ठरवणारे साहेब लोक वेगळे होते. ते परदेशी जात, हस्तांदोलनं करत, रात्रभर भांडत आणि सकाळी भावजींना फोन करत, की अमुक ओळ तिकडून इकडे घ्या. भावजी ती घेत. तीस वर्षांत एक ओळ चुकीच्या जागी पडली नाही, याचा त्यांना जो अभिमान होता, तो दुसऱ्या कुणाला नोबेल मिळालं तरी होणार नाही.

त्यांच्याकडे कारखानदारांची मंडळं अर्ज घेऊन येत. भावजी मला म्हणत, "हरीश, तीस वर्षांत मला एकच अर्ज आला आहे. फक्त सह्या वेगळ्या." अर्ज असा, की मी जे विकत घेतो त्यावरची ड्यूटी काढा आणि मी जे विकतो त्यावरची वाढवा. सगळ्यांना जगाचं दार उघडं हवं होतं आणि आपल्या घराचं बंद. भावजी प्रत्येक अर्जाला उत्तर पाठवत. एकाच मजकुराचं, हिंदीतून, 'आपके सुझाव पर यथासमय विचार किया जाएगा.' हे वाक्य त्यांनी स्वतः तयार केलं होतं. त्यात खोटं काही नाही आणि खरंही काही नाही, असं ते मला एकदा फार कौतुकाने म्हणाले होते.

घरी मात्र कामाचा शब्द नाही. कुठल्या देशाचे लोक आलेत हे ताईलाही कळत नसे. पण ताई माझीच बहीण. परदेशी मंडळी जाताना खाऊची पाकिटं वाटत; भावजी ती वहीत नोंदवत, सेक्शनमध्ये फोडत आणि आपल्या वाट्याचं एक घरी आणत. खजूर आला की ताई म्हणे, "आखात." चॉकलेट आलं की म्हणे, "युरोप, आणि काही जमलेलं दिसत नाही, फारच छोटं पाकीट आहे." भावजी ऐकू न आल्यासारखं करत. आमच्या घराला आंतरराष्ट्रीय व्यापाराची जी काही माहिती होती ती अशी डब्यांतून आलेली होती.

दिल्लीच्या मराठी लोकांत भावजींचं नाव होतं ते मात्र दुसऱ्याच कारणासाठी. लग्नाच्या याद्या. मुलगा-मुलगी पसंत पडली की दोन्हीकडची मोठी माणसं बसून कागद करतात, कार्यालय कोणी घ्यायचं, जेवणं कोणाची, मानपान काय, ते सगळं. कागदाच्या चारी कोपऱ्यांना कुंकू लावायचं, खाली दोन्ही बापांनी सही करायची. दिल्लीत तिसऱ्या पिढीच्या पोरांना 'व्याही' म्हणजे काय हे विचारावं लागतं, पण याद्या करायच्या म्हटलं की हर्डीकरांना बोलवा, हे त्यांनाही माहीत. कारण भावजींची यादी पक्की असे. पाहुणे ठरल्यापेक्षा वीस टक्क्यांनी वाढले तर चोवीस तासांत दोन्ही पक्षांनी चर्चेला बसावं. वाद झाल्यास मुलीच्या मामाने निवाडा द्यावा. आणि शेवटी वगळलेल्यांची यादी असायचीच. आहेर, मानाची साडी, रुसवेफुगवे. त्यांच्या यादीवर झालेल्या एकाही लग्नात भांडण झालं नाही. कंटाळा मात्र पुष्कळांना आला.

मग तीन वर्षांपूर्वी त्यांच्या स्वतःच्या मुलीचं, अश्लेषाचं जमलं. मुलगा नचिकेत दप्तरदार. गुडगावला एका मोठ्या कंपनीत होता, पण लग्नानंतर नोकरी सोडून वडिलांच्या कारखान्यात येणार होता. वडील सुधन्वाराव. नोएडात त्यांचा छोटा कारखाना, रबराचे पार्ट्‌स बनवायचा. पार्ट्‌स म्हटल्यावर आम्ही सगळे गाडीचेच समजलो. भावजींनी जास्त विचारलं नाही. न विचारणं हा त्यांचा स्वभावच होता.

याद्यांना दप्तरदार मंडळी एका रविवारी भावजींच्या तेव्हाच्या, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आली. सुधन्वाराव गोरे, गुटगुटीत, मोठ्याने हसणारे. आल्या आल्या त्यांनी ताईच्या हातात एक खोकं दिलं.

"वहिनी, आमच्याकडून ही प्रेमाची भेट. आयुष्यभर पुरेल!"

ताईने उघडलं तर आत कुकरच्या रिंगा. काळ्या, करड्या, पांढऱ्या, तीन लिटर, पाच लिटर. दोन डझन तरी असतील.

"हेच आमचं उत्पादन," सुधन्वाराव म्हणाले. "देशातल्या निम्म्या कुकरांची वाफ आम्ही धरून ठेवली आहे, बिल्कुल अतिशयोक्ती नाही."

सगळे हसले. भावजी हसले नाहीत. मला वाटलं, मुलीच्या लग्नाचं दडपण आलं असेल.

ताई चहा घेऊन आली आणि सोबत बशीत काही पिवळं, कुरकुरीत. पाकीट तिने ट्रेमध्येच ठेवलं होतं, उरलेलं पुन्हा बांधून ठेवायला. सुधन्वारावांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि त्यांचे डोळे चमकले.

"अरे, हे तर तिकडचे फणसाचे वेफर्स! मी दर वर्षी रबराच्या खरेदीला परदेशी जातो ना, विमानतळावर हेच घेतो. वहिनी, तुम्हाला कुठे मिळाले?"

"ह्यांनी आणले, ऑफिसातून," ताई म्हणाली. तिचा काही दोष नाही. तिला त्या वेळी अश्लेषाच्या साडीच्या निऱ्या दिसत होत्या, आंतरराष्ट्रीय व्यापार नव्हे.

सुधन्वाराव चघळायचे थांबले. त्या देशाशी बोलणी चालू आहेत हे वर्तमानपत्रात येतच होतं. पण तिथली माणसं इथे येऊन वेफर्स वाटून गेली, म्हणजे गोष्ट तक्त्यापर्यंत आली, हे त्यांच्यासारख्या मुरलेल्या माणसाला कळायला वेळ लागला नाही.

"विनायकराव," ते हलक्या आवाजात म्हणाले, "आमच्या रिंगांचं काय होतंय?"

भावजींचा हात बशीकडे निघाला होता, तो मधेच थांबला. चेहरा पांढरा पडला. "त्या विषयावर मला बोलता येणार नाही," ते म्हणाले, आणि उठून बेसिनवर जाऊन हात धुऊन आले. हात मुळी खरकटे झालेलेच नव्हते.

ते बोलले नाहीत म्हणजे काय बोलले नाहीत, ते मला पुष्कळ दिवसांनी कळलं. रबर पिकवणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना जपायचं म्हणून कच्चं रबर वगळलेल्यांच्या यादीत होतं, ड्यूटी कायम. रिंगा जपा असं कोणी म्हटलं नव्हतं, म्हणून रिंगा पहिल्या दिवसापासून बिनड्यूटी. म्हणजे सुधन्वारावांनी रबर आणलं तर ड्यूटी भरायची, आणि त्याच रबराची तिकडे झालेली रिंग बोटीतून उतरली की थेट आत. ज्या घरात मुलगी द्यायची, ते घर दोन वर्षांत बसणार, हे भावजींना यादी लिहिता लिहिता दिसत होतं. आणि जावई त्यासाठी नोकरी सोडत होता. मी समोर बसून त्यांना म्हणत होतो, "भावजी, लिहा ना, पेन का थांबलंय?" मला काय ठाऊक! आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

यादी झाली. कुंकू लागलं. सह्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, भावजींनी आयुष्यातलं सगळ्यात प्रामाणिक काम केलं. त्यांनी साहेबांना लेखी कळवलं, की माझ्या होणाऱ्या व्याह्यांचा रबरी रिंगांचा कारखाना आहे, तरी रबराचा भाग माझ्याकडून काढून दुसऱ्या कोणाकडे द्यावा. नियमात हे बसतं. नियमात आहे म्हणूनच ते कोणी करत नाही.

साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि फार मायेने भावजींकडे पाहिलं.

"हर्डीकर जी, तीस साल में आपने कभी कुछ नहीं माँगा."

"सर, मैं माँग नहीं रहा. सिर्फ़ बता रहा हूँ."

"बिल्कुल, बिल्कुल," साहेब म्हणाले. "मैं समझ गया. आप बेटी की शादी देखिए."

रबराचा भाग दुसऱ्याकडे गेला. भावजींनी त्याकडे पुन्हा वळून पाहिलं नाही. घरी आले आणि त्या रात्री खूप दिवसांनी नीट जेवले, असं ताई सांगते.

तिकडे सुधन्वारावांनीही आपलं काम केलं. व्याही बोलला नाही, पण पांढरा पडला आणि कोरडे हात धुऊन आला, याचा अर्थ त्यांनी लावला आणि बरोबर लावला. जानेवारीत त्यांनी रिंगा दाबायची तिन्ही यंत्रं गाझियाबादच्या एका माणसाला विकली, चौदातले दहा कामगार कमी केले, आणि त्याच देशातल्या एका कंपनीशी बोलून त्यांच्या तयार रिंगा इथे आणून विकायची एजन्सी घेतली. नचिकेतने नोकरी सोडली ती कारखान्यासाठी नव्हे, गोदामासाठी. फेब्रुवारीत लग्न लागलं. यादीप्रमाणे. कोणी रुसलं नाही. पंगतीत सुधन्वाराव माझ्या कानाशी म्हणाले, "तुमचे भावजी देवमाणूस आहेत हो. एक शब्द न बोलता मला वाचवलं!" मी मान हलवली. लग्नात व्याह्याच्या म्हणण्याला मान हलवायची असते.

एप्रिलमध्ये करार झाला. दोन मंत्री, दोन पेनं. तक्ता जाहीर झाला, आणि संध्याकाळी सुधन्वारावांचा फोन आला तो मीच उचलला, कारण भावजी अंघोळीला गेले होते.

"हरीशराव, हे काय केलंत तुम्ही लोकांनी!"

रबरी रिंगा वगळलेल्यांच्या यादीत होत्या. ड्यूटी कायम. परदेशी रिंग इथे आणून विकण्यात आता काहीच सुटणार नव्हतं. रिंगा बनवणारा देशातला प्रत्येक माणूस त्या दिवशी पेढे वाटत होता. एकटा असा होता, की ज्याने आपली यंत्रं विकून टाकली होती, आणि तो आमचा व्याही.

सुधन्वारावांनी गाझियाबादहून आपलीच यंत्रं परत आणली, दिली त्यापेक्षा चढ्या भावाने. दहातले सहा कामगार परत आले. सहा महिन्यांत धंदा पुन्हा चालला, आणि ड्यूटीची भिंत उभी असल्यामुळे आधीपेक्षा बरा चालला. मग त्यांनी सगळ्या गोष्टीचा नवा अर्थ लावला. "माणूस खोल आहे," ते लोकांना सांगू लागले. "आधी मला घाबरवलं, मग आतून यादी फिरवली. आपल्या पोरीच्या सासऱ्याला धडाही दिला आणि जीवदानही!" कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात मराठी मंडळी जमली की लोक भावजींकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. दोघा-तिघांनी बाजूला घेऊन आपल्या धंद्याचं काही होतं का, असंही विचारलं. भावजी त्यांना मनापासून सांगत, "अहो, मी काही केलेलं नाही." ते जितकं खरं सांगत, तितका लोकांचा विश्वास वाढत जाई.

भावजींनाही कोडं होतंच. रिंगा अचानक वगळलेल्यांत गेल्या कशा? कारखानदारांच्या कुठल्या तरी मंडळाने शेवटच्या क्षणी जोर लावला असेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं. आणि मला सांगायला हरकत नाही, ते खूश होते. लेक सुखात होती, आणि त्यांचा हात कोरडा होता.

त्याच वर्षाच्या शेवटी ते निवृत्त झाले. निरोप समारंभाला मी होतो. सामोसे, शाल, नारळ, घड्याळ. भाषणं संपल्यावर साहेब त्यांना खिडकीशी घेऊन गेले. मी दोन पावलांवर प्लेट घेऊन उभा होतो.

"हर्डीकर जी, अब तो बता सकता हूँ," साहेब म्हणाले. "आपका वो छल्ला. बड़ी मुश्किल से निकाला. सामने वाले मान नहीं रहे थे."

भावजींना कळेना. "मेरा छल्ला, सर?"

"अरे, कुकर वाला. आपने चिट्ठी दी थी ना! बदले में उन्हें एक लाइन देनी पड़ी. छतरी की तीलियाँ. छोटी चीज़ है, किसी ने पूछा भी नहीं." साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "आपने एक ही बार तो कहा था."

भावजींच्या हातातला नारळ खाली पडला. सगळ्यांना वाटलं, निरोपाने माणूस हेलावला आहे. टाळ्या वाजल्या.

परतताना गाडीत ते एकच वाक्य तीनदा म्हणाले. "मी मागितलं नव्हतं, हरीश." मला ठाऊक होतं. पण ज्या गावात 'माझा अमुक नातेवाईक आहे' हे वाक्य गेली शंभर वर्षं फक्त एकाच कारणासाठी उच्चारलं गेलं, तिथे साहेबांनी तरी दुसरा काय अर्थ लावायचा? भावजी व्याह्यांसमोर गप्प बसले, ती सूचना ठरली. त्यांनी साहेबांना कळवलं, ती शिफारस ठरली. तीस वर्षांचा चोख माणूस दोन्ही वेळा चोखच वागला होता, आणि त्याचं फळ कुठल्या तरी छत्रीच्या काड्या बनवणाऱ्याने भोगलं होतं.

कुठल्या तरी नव्हे. भावजींची स्मरणशक्ती फार वाईट, म्हणजे फार चांगली. दोन वर्षांपूर्वी पिवळ्या कागदावर आलेला एक अर्ज त्यांना पत्त्यासकट आठवला. सदर बाजाराच्या मागची गल्ली, छत्रीच्या काड्यांचं वर्कशॉप, खाली सही धीरज. काड्यांवरची ड्यूटी काढू नका, आठ माणसांचं पोट आहे. त्याला उत्तर भावजींनीच पाठवलं होतं. यथासमय विचार.

निवृत्तीच्या पुढच्याच आठवड्यात ते तिथे गेले. सांगायला गेले असावेत, पण सांगणार काय? वर्कशॉपच्या पुढे धीरजचं छत्र्यांचं छोटं दुकान होतं, तिथे उभे राहिले आणि एक छत्री घेऊन आले. पुढच्या महिन्यात परत गेले. नाव कधी सांगितलं नाही. धीरज त्यांना नुसतं साहब म्हणे. पहिल्या छत्रीच्या वेळी मागे आठ माणसं तार ओढत होती, चौथीच्या वेळी पाच, आठवीच्या वेळी दोन. भावजी येऊन मला आकडा सांगत. मी म्हणे, "भावजी, जाऊ नका ना तिकडे. तुम्ही काय करणार?" ते म्हणत, "मी तक्ता सांभाळायचो, हरीश. ओळ कुठे पडली ते बघायला नको?"

अकराव्या छत्रीच्या वेळी धीरजनेच त्यांना विचारलं.

"साहब, आप पढ़े-लिखे हैं. सरकार में कोई जान-पहचान है? हमारी बात पहुँचा दीजिए."

आणि भावजी आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "हाँ. है."

त्यांनी धीरजच्या नावाने अर्ज लिहिला. मी वाचला आहे तो. इतका स्वच्छ, इतका बिनतोड कागद मी पाहिलेला नाही. काडीला काय तार लागते, तिच्यावर किती ड्यूटी, बाहेरच्या काडीवर किती, आठ माणसांचं काय झालं, करारातल्या कुठल्या कलमाखाली फेरविचार होऊ शकतो, सगळं दोन पानांत. धीरजने सही केली. मग भावजी तो घेऊन साहेबांकडे गेले, आणि उभ्या उभ्या म्हणाले, "सर, एक सिफ़ारिश है. मेरी अपनी."

साहेब खूप हसले. "हर्डीकर जी, आप और सिफ़ारिश! मज़ाक मत कीजिए. आप तो ज़रूर कोई उसूल की बात लाए होंगे." त्यांनी कागद ठेवून घेतला, चहा पाजला, आणि तुमच्यासारखी तत्त्वाची माणसं आता राहिली नाहीत, असं म्हणत लिफ्टपर्यंत सोडायला आले. भावजी म्हणाले, मी त्यांना तीनदा सांगितलं, की मी खरंच मागतो आहे. पण त्यांना ते पटेना.

दोन महिन्यांनी धीरजला उत्तर आलं. त्या शनिवारी मी भावजींबरोबर गेलो होतो. वर्कशॉपमध्ये आता तार ओढणारं कोणी नव्हतं. तिथे बाहेरून आलेल्या काड्यांचे गठ्ठे होते आणि धीरज एकटा बसून त्यांना कापड चढवत होता. भावजींना बघून तो उठला आणि पाकीट पुढे केलं. भावजींनी ते उघडलं. चारच ओळींचा कागद. शेवटची ओळ मीही ओळखली, आपके सुझाव पर यथासमय विचार किया जाएगा.

धीरज रागावलेला नव्हता. त्याने गल्ल्याखालून एक जुना कागद काढला आणि नव्या कागदाशेजारी ठेवला.

"देखिए साहब. पहले भी यही आया था. अक्षर-अक्षर वही. बस नीचे नाम बदल गया है." त्याने जुन्या कागदावर बोट ठेवलं. "तब कोई हर्डीकर साहब थे. आप जानते थे उनको?"

भावजींनी वाकून ती सही पाहिली. सही सुरेख होती, ठळक, खाली एक रेघ मारलेली.

"हाँ," ते म्हणाले. "ईमानदार आदमी था."

"होगा साहब," धीरज म्हणाला, आणि दोन्ही कागद घडी करून परत गल्ल्याखाली ठेवले. "छतरी देखेंगे? अपनी तीली वाली आख़िरी बची है. बाकी सब बाहर का माल है."

भावजींनी ती घेतली. बाहेर लख्ख ऊन होतं. ती न उघडताच काखेत धरून ते मेट्रोच्या जिन्याकडे चालू लागले, आणि मी त्यांच्या मागोमाग.